दमट हवेत टिकत नाही

नांदेडच्या त्या कॉलेजात दर खंडेनवमीला रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या भट्टीची पूजा व्हायची. भट्टी म्हणजे विजेवर तापणारी, आतून विटांनी मढवलेली लोखंडी पेटी, आणि तिच्याशेजारी भिंतीवर तिचं तापमान दाखवणारा काट्याचा मीटर. प्रयोगशाळेचा शिपाई मन्मथ भट्टीच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढायचा, मीटरच्या काचेला कुंकू लावून झेंडूची माळ अडकवायचा, आणि विभागप्रमुख वसंतराव सर स्वतः नारळ फोडायचे. प्रसाद सगळ्यांना मिळायचा. मीटर खरं बोलतो की खोटं, हे मात्र वर्षानुवर्षं कुणी तपासलं नव्हतं. देवाची परीक्षा घेऊ नये, एवढं शहाणपण आपल्याकडे विज्ञान शाखेलाही उपजत असतं.

सौदामिनी लातूरची. वडील शाळामास्तर होते, ते लवकर गेले. घरी आई एकटी. एम.एस्सी.ला पहिली आली म्हणून वसंतरावांनी तिला पीएच.डी.साठी आपल्या हाताखाली घेतलं आणि आपल्याच जुन्या विषयाला जुंपलं. विषयाचं नाव लँथॅनम ऑक्सिक्लोराइड. लँथॅनम हा दुर्मिळ मृदा-धातूंपैकी एक. त्याचं पाणी धरलेलं क्लोराइड हवेत तापवलं की पाणी उडतं, जाताना थोडा क्लोरीनही सोबत नेतं, आणि खाली पांढरी पूड उरते. ती साच्यात दाबून शर्टाच्या बटणाएवढी टिकली करायची, भाजायची, दोन्ही अंगांना चांदीचा लेप द्यायचा आणि वीज लावून बघायचं. टिकली विजेला वाट देत नाही, पण विजेचा भार मात्र धरून ठेवते. असे विद्युतरोधक पदार्थ यंत्रांच्या पोटात फार कामाचे असतात.

वसंतरावांची डॉक्टरेट याच टिकलीवर झालेली. त्यांनी लिहिलं होतं की गुण उत्तम, पण पदार्थ दमट हवेत टिकत नाही. महिन्याभरात त्याचं पीठ होतं. हे वाक्य परदेशातल्या नियतकालिकात छापून आलं होतं, आणि ते पान त्यांच्या खुर्चीमागे चौकटीत टांगलेलं होतं. घराण्यात पहिल्यांदाच कुणाच्या नावामागे डॉक्टर लागलं होतं, म्हणून त्यांच्या आईनं त्या वेळी गावजेवण घातलं होतं. त्या वाक्याला हात लावणं म्हणजे त्या पंगतीतल्या पानाला हात लावणं, हे सौदामिनीला फार उशिरा कळलं.

तिनं सरांच्या कृतीबरहुकूम मीटरवर साडेसातशे अंश ठेवून टिकल्या भाजल्या. महिन्याभरात त्यांचं पीठ झालं. गुरुवाक्य खरं ठरलं, सगळे खूश. मग एका संध्याकाळी नांदेडच्या विजेनं कृपा केली. दाब इतका उतरला की भट्टी मीटरवर पाचशेच्या वर चढेनाच. सौदामिनीनं कंटाळून त्याच आचेवर टिकल्या भाजल्या आणि वाया गेल्या समजून खिडकीत ठेवून दिल्या. अर्धा पावसाळा सरला तरी त्या टिकल्या होत्या तशा.

आता एखाद्या शहाण्या मुलीनं त्या टिकल्या उचलून फेकल्या असत्या आणि वेळेत पीएच.डी. होऊन कुठं तरी चिकटली असती. सौदामिनीला तेवढी अक्कल नव्हती. तिनं बाटलीतलं शुद्ध मीठ चिनी मातीच्या वाटीत घालून भट्टीत ठेवलं. मीठ आठशे अंशांच्या पुढे वितळतं, हे कुठल्याही पुस्तकात आहे. मीटरचा काटा सहाशेच्या जरासा पुढं सरकला असेल, तिनं दार उघडून पाहिलं तर वाटीत मिठाचं पाणी झालेलं.

"मन्मथमामा, हा मीटर खोटं बोलतो."

मन्मथनं तिच्याकडं असं पाहिलं, जसं काही तिनं चपला घालून गाभाऱ्यात पाय टाकला. "ताई, असं बोलू न्हाई. सरांच्या हातचा मीटर हाय तो. सरांच्या पीएच.डी.च्या वक्ताला तार जळाली व्हती, तर बाजारातून दुसरी आणून जोडली सरांनी. तवापासून कधी तक्रार न्हाई त्याची."

तिथंच सगळी गोम होती. आच मोजायला भट्टीत जाणारी तार एका जातीची आणि मीटर दुसऱ्या जातीच्या तारेसाठी बनवलेला. तार सांगायची एक, मीटर वाचायचा दुसरंच. सरांचे साडेसातशे हे खरे हजार होते. आणि हजार अंशांवर त्या पदार्थातला उरलासुरला क्लोरीनही निघून जातो आणि मागे नुसता लँथॅनमचा ऑक्साइड उरतो. दमट हवेत पीठ होतं ते त्या ऑक्साइडचं. वसंतरावांनी ज्याला जन्मभर नाजूक म्हणून नावं ठेवली, तो पदार्थ त्यांच्या वाटीत कधी नव्हताच.

सौदामिनीला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आनंदानं. ही गोष्ट जगात आपल्या एकटीला माहीत आहे, या कल्पनेनंच तिला गुदगुल्या होत होत्या. त्या दिवसापासून तिचं मागणं एकच होतं. हा पदार्थ टिकतो, हे खरं आहे, ते कुणीतरी खरं म्हणून मान्य करावं. बाकी नोकरी, लग्न, घर, ज्या गोष्टींसाठी आई पत्रांतून डोकं खायची, त्या सगळ्या नंतर बघू.

सरांना सांगायच्या आधी पुरावा पक्का हवा, म्हणून तिनं एका मोठ्या काचेच्या झाकणाखाली पाण्याचं ताट ठेवलं आणि वर जाळीवर दोन्ही प्रकारच्या टिकल्या मांडल्या. कमी आचेवरच्या आपल्या टिकल्यांना तिनं सुईनं फुलीची खूण केली. सरांच्या कृतीच्या टिकल्या कोऱ्या ठेवल्या. हे सगळं मांडून झालं आणि गणपती आले.

त्र्याण्णव साली गणपती बुडवून लोक झोपले आणि पहाटे जमीन हलली. नांदेडला भांडी पडली, भिंतींना तडे गेले. तिकडं किल्लारीच्या बाजूला गावंच्या गावं दगडमातीखाली गेली. सौदामिनी मिळेल त्या गाडीनं लातूरला पोचली. आई शेजाऱ्यांबरोबर मैदानात सतरंजीवर बसली होती, जिवंत होती, आणि घरात पाय ठेवायला तयार नव्हती. पुढचे कित्येक दिवस सगळं लातूर उघड्यावर झोपलं. सौदामिनी दिवसा भाकरी बांधून नेणाऱ्यांबरोबर ट्रकमधून जायची. एका गावात एक बाई भाकरी घेईना. ढिगाऱ्यातून नवऱ्याचा फोटो तेवढा काढून द्या म्हणून तिनं सौदामिनीचा हात धरला तो सोडलाच नाही. आणि हात तसा धरलेला असताना सौदामिनीच्या मनात आलं, झाकण फुटलं असेल का? टिकल्या पडल्या असतील का? तिची तिलाच किळस आली. पण विचार आला तो आलाच.

कॉलेज दिवाळीनंतर उघडलं. प्रयोगशाळेचं छत एका कोपऱ्यात गळत होतं, काचेचं झाकण फुटलं होतं, ताटात चुन्याचे पोपडे पडले होते. जाळीवरच्या कोऱ्या टिकल्यांचं पांढरं पीठ झालं होतं. फुलीच्या टिकल्या जशाच्या तशा. वाळवून वीज लावली तर रोधही तसाच. तिनं दोन्ही नमुने आम्लात विरघळवले, दोन परीक्षानळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले आणि सरांना बोलावलं. फुलीच्या नळीत दह्याच्या कवड्यासारखा पांढरा साका बसला, म्हणजे क्लोरीन जागेवर होता. सरांच्या कृतीच्या नळीत पाणी जवळपास स्वच्छ. हा प्रयोग बारावीची पोरंही करतात.

वसंतरावांनी दोन्ही नळ्या उजेडात धरून पाहिल्या.

"झाकण फुटलं होतं नं?"

"हो सर, पण..."

"मग काय? वरून चुना पडला, पाणी पडलं, टिकल्या इकडच्या तिकडं झाल्या. भूकंपातला नमुना कोण धरतो, सांग बरं? पुन्हा कर."

"सर, माझ्या टिकल्यांवर फुली आहे. आणि मिठावर मीटर तपासला मी, तो..."

"पुन्हा कर म्हणलं नं."

त्या वर्षी मराठवाड्यात जे जे सापडेना ते ते भूकंपात गेलं. ज्या कचेरीची वीटही हलली नव्हती तिथल्या फायलीसुद्धा भूकंपात गेल्या. वसंतरावांनी भूकंपात एक सत्य घातलं, तर त्यात नवल ते काय! सौदामिनीनं पुन्हा केलं. भौतिकशास्त्राच्या विभागातून धड मीटर मागून आणून केलं. एक पावसाळा, मग दुसरा, मग तिसरा. टिकल्या हटवादी होत्या. फुलीच्या टिकायच्या आणि कोऱ्या विरायच्या. सर म्हणाले, लिही, बघू. तिनं प्रबंध लिहिला, बांधून घेतला, सरांच्या हातात दिला. मार्गदर्शकाच्या सहीशिवाय विद्यापीठ प्रबंधाला शिवत नाही. सरांनी तो कपाटात ठेवला, आणि महिन्याभरात ऐच्छिक निवृत्ती घेऊन लातूरला गेले. कपाटातलं सामान सोबत गेलं, त्यात प्रबंधही गेला.

लातुरात तेव्हा एक नवीनच पीक जोरात आलं होतं. डाळमिलच्या भोंग्याआधी क्लासच्या सायकली रस्त्यावर यायच्या. भूकंपानंतर लोकांना पत्र्याखाली बसायची सवय झाली होतीच. आता त्याच पत्र्याखाली पोरं दाटीवाटीनं बसून डॉक्टर व्हायला लागली. वसंतरावांचा क्लासही पत्र्यातच सुरू झाला आणि बघता बघता तीन मजल्यांवर चढला. चौकाचौकात त्यांचं चित्र लागलं, पाठीमागे उगवता सूर्य. माणूस शिकवायचा उत्तम, हे खोटं कशाला बोला.

सौदामिनी सहीसाठी गेली तेव्हा सर प्रेमानं बोलले. "करतो की सही. वाचून करतो. तवर तू असं कर, बारावीची एक बॅच घे. माझी तारांबळ उडायली." एक बॅच घेतली. मग दुसरी घेतली. सर भेटले की म्हणायचे, वाचायलो, वाचायलो. आईला बरं वाटलं, लेक घरी राहिली. शेजारणी सौदामिनीला 'मॅडम' म्हणायला लागल्या आणि लग्नाचं विचारायच्या बंद झाल्या. दुसऱ्या मार्गदर्शकाकडं जावं म्हणून ती नांदेडला दोनदा जाऊन आली. वसंतरावांच्या विद्यार्थिनीला घ्यायला कुणी तयार नव्हतं. सगळे त्यांच्याच हाताखालून गेलेले. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं, अशी तिची गत झाली.

सगळ्यात वाईट होत्या त्या नोट्स. वसंत सरांच्या नोट्स लातुरात गीतेसारख्या चालायच्या. त्यात दुर्मिळ मृदेच्या प्रकरणात, पाठ्यपुस्तकात नसलेलं एक वाक्य चौकटीत छापलेलं होतं: लँथॅनम ऑक्सिक्लोराइड उत्तम विद्युतरोधक आहे, परंतु दमट हवेत टिकत नाही. क्लासच्या चाचणीत दरवर्षी त्यावर एक प्रश्न यायचा. पोरं त्याला 'सरांचा प्रश्न' म्हणायची. देवापुढचा हक्काचा खडीसाखरेचा खडा. ते प्रकरण सौदामिनीकडं होतं. चौकट आली की ती म्हणायची, "हे वाचून घ्या," आणि पुढं जायची. असं दरवर्षी.

एका वर्षी मात्र शेवटच्या बाकावरून एक मुलगी उठली. पुनम. बिलोलीकडच्या एका खेड्यातली, शेषेराव नावाच्या शेतकऱ्याची लेक, क्लासच्याच वसतिगृहात राहणारी.

"मॅडम, पण का टिकत न्हाई?"

क्लासमध्ये 'काय' विचारायची पद्धत होती. 'का' विचारायला वेळ कुणाकडं होता? बाकीची पोरं हसली. सौदामिनीनं खडू खाली ठेवला. इतक्या वर्षांत तिला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, ज्यांनी विचारायला पाहिजे होता त्यांनीसुद्धा. आणि मग ती बोलत सुटली. मीटर, तार, वाटीतलं मीठ, फुलीच्या टिकल्या, नळीतला साका. सरांचं नाव तिनं घेतलं नाही, पण बाकी सगळं सांगितलं. पोरं घड्याळाकडं बघायला लागली. पुनम एकटी तोंड उघडं ठेवून ऐकत होती.

"मग मॅडम, चाचणीत काय लिहायचं?"

सौदामिनी त्या वेळी फार वर तरंगत होती. "खरं असेल ते लिही," ती म्हणाली.

बोलणारीचं काय जातं!

ती चाचणी साधी नव्हती. तीवरून 'एक नंबर बॅच' ठरायची. त्या बॅचला सर स्वतः शिकवायचे, आणि चाचणीनंतर क्लासचं वसतिगृह फक्त त्या बॅचसाठी राहायचं. जे गळायचे त्यांची खोली लगेच दुसऱ्याला जायची. पुनम एका गुणानं गळली. त्या एका प्रश्नाला तिनं लिहिलं होतं, दमट हवेत टिकतो. क्लासभरात दुसऱ्या कुणीही तसं लिहिलेलं नव्हतं. बाहेर खोली घेऊन एकट्या पोरीला लातुरात ठेवणारा बाप शेषेराव नव्हता, आणि हे पुनमनं रडत रडत सौदामिनीला सांगितलं. तक्रार म्हणून नाही. "मॅडम, तुम्ही सरांशी बोलता का?" एवढंच ती म्हणाली.

क्लासचा एक नियम होता. प्रत्येक विषयाची उत्तरसूची तो भाग शिकवणाऱ्याच्या सहीनं फलकावर लागायची. सही झाली की सूची पक्की, मग ब्रह्मदेव आला तरी गुण बदलत नाही. रसायनाच्या सूचीवर सौदामिनीची सही व्हायची होती. ती सूची तशीच हातात घेऊन सरांच्या खोलीत गेली. तिनं मनाशी पक्कं केलं होतं. आज बोलायचंच.

खोलीत उदबत्ती चालू होती. खुर्चीमागे तीच चौकट, तेच परदेशी पान, नांदेडहून आणलेलं.

"सर, सरांच्या... तुमच्या प्रश्नाचं उत्तर चुकीचं आहे. त्या मुलीचं बरोबर आहे. तिला गुण द्यावा लागेल."

तिला वाटलं, सर भडकतील. त्याची तिनं तयारीही केली होती. वसंतराव उठले, त्यांनी कपाट उघडलं आणि तिचा प्रबंध काढून टेबलावर ठेवला. कोपरे मऊ झाले होते, पानांत जागोजागी खुणेचे कागद होते. माणसानं खरोखरच वाचला होता, एकदा नव्हे, अनेकदा.

"खरं आहे हे," ते म्हणाले. "सगळं खरं आहे. भूकंपानंतर तू त्या दोन नळ्या दाखवल्यास नं, त्याच दिवशी कळलं मला."

सौदामिनीनं रागानं खुर्चीची पाठ घट्ट धरली. हे शब्द ऐकायला ती कुठकुठं तिष्ठत बसली नव्हती? आणि ते असे, उदबत्तीच्या वासात, पंख्याच्या घरघरीत, चहाची चौकशी करावी तसे आले.

"मग सही का नाही केली, सर?"

"नाही झाली हातानं." वसंतरावांनी मान फिरवली. क्षणभर ते म्हातारे दिसले. मग सावरले. "आज करतो. आत्ता करतो. लेखणी दे. पण सूची आहे तशी लागेल."

"सर, ती मुलगी..."

"ऐक. प्रबंध कोण वाचतंय? दोन परीक्षक वाचतील, तेही चाळतील. मग तो ग्रंथालयात जाईल आणि तिथं बसेल. तिथं माझं काही बिघडत नाही. पण सूची फलकावर लागते. तिथं गर्दी करून बघतेत लोक. उद्या त्यांना मी काय सांगू, की वसंत सरांचीच पीएच.डी. कच्ची निघाली? शेकडो पोरांनी माझं उत्तर लिहिलंय, त्यांच्या आईबापांना काय सांगू? क्लास इज्जतीवर चालतो, बाई. एक गुण आहे. पोरगी हुशार आहे, कुठंही उभी राहील."

"तिचा बाप तिला घेऊन जाईल, सर."

"त्याला मी काय करू?"

त्यांनी तिच्याच हातातली लेखणी घेतली, प्रबंधाचं पहिलं पान उघडलं आणि सही केली. ठळक, वळणदार, तारखेसकट. मग लेखणी तिच्यापुढं ठेवली आणि प्रबंधावर तळहात ठेवून बसले. दमदाटी नाही, आरडाओरडा नाही. नुसता हात ठेवून बसले.

सौदामिनीनं त्या हाताकडं पाहिलं. एवढी वर्षं त्या पानावर सही नव्हती म्हणून ती कुणीच नव्हती. कुणासाठी भाकरी बांधणारी नव्हती, बायको नव्हती, डॉक्टर नव्हती, नुसती मॅडम होती. हा पदार्थ टिकतो, हे एकदाचं कुठंतरी नोंदलं जाईल. ज्याला शोधायचं असेल तो शोधेल. आणि पुनम हुशार आहे. पुनम तरुण आहे. स्वतःची समजूत घालायला माणसाला किती थोडे शब्द पुरतात! तिनं लेखणी उचलली आणि सूचीवर सही केली. वसंतरावांनी हात उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूची फलकावर लागली आणि दुपारी शेषेराव आला. धोतर, टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात पुनमची पत्र्याची पेटी. पुनम मागे वळकटी घेऊन उभी. क्लासच्या फाटकात पोरांची ये-जा चालू होती. सौदामिनी पिशवीत प्रबंध घेऊन नांदेडला विद्यापीठात निघाली होती. त्यांना पाहून तिला वाटलं मागच्या दारानं जावं. पण शेषेरावानं तिला पाहिलं होतं.

"मॅडम, राम राम. एक विचारायचं व्हतं. रागावू नका." त्यानं पेटी खाली ठेवली. "पोरगी म्हणायली, ते एक उत्तर चुकलं ते मॅडमनीच तसं शिकवलं व्हतं म्हणून. मी म्हणलो, येडी हाईस का? मॅडम कशाला चुकीचं शिकवतील? एवढ्या शिकलेल्या बाई. पण रात्रभर झोपली न्हाई ती. तवा म्हणलं तुम्हालाच विचारावं, तुमी सांगताल ते खरं. तुमी तसं सांगितलं व्हतं का?"

हे विचारणं किती साधं होतं! हाव किंवा न्हाई. हाव म्हटलं असतं तर शेषेरावानं पेटी उचलून तडक वसंतरावांची खोली गाठली असती, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. तो काही दुबळा माणूस नव्हता. आणि मग फलकावरची सूची, तिच्यावरची सही, पिशवीतल्या प्रबंधावरची सही, सगळंच पुन्हा टेबलावर आलं असतं. सौदामिनीनं तोंड उघडलं. पिशवीचा बंद खांद्यावरून घसरला, तो तिनं वर ओढला.

पुनम तिच्याकडं बघत होती. त्या नजरेत राग असता तर सौदामिनीला तो सोसला असता. राग नव्हता. तिला सगळं कळलं होतं, बस्स. फलकावरची सही तिनं वाचली होती.

"आण्णा," पुनम म्हणाली, "चला. माझंच चुकलं. मॅडमनी बरोबर शिकवलं व्हतं, मीच उलटं लिहिलं."

"बघा!" शेषेरावाचा जीव भांड्यात पडला. "मी म्हणलोच व्हतो. आपली चूक आन् नाव मास्तराचं घ्यायचं. माफ करा मॅडम, लेकरू हाय. पोरी, बघत काय राहिलीस? पाया पड मॅडमच्या."

पुनमनं वळकटी बापाकडं दिली आणि वाकली. एरवी कुणी पाया पडायला लागलं की सौदामिनी दोन पावलं मागं सरकायची, 'अगं असू दे, असू दे' म्हणायची. आज शेषेराव बघत होता. ती जागची हलली नाही. पुनमची बोटं तिच्या पायांना लागली, आणि तिच्या तोंडून सवयीनं 'यशस्वी हो' निघून गेलं.